रविवारचं पाणी

“अगं, तळ दिसला म्हणून घाबरलीस? तुम्हा लोकांना गढूळच मानवतं वाटतं!”

असं म्हणाले आमच्या टाउनशिपच्या क्लबचे सेक्रेटरी, सबनीससाहेब. मी तेव्हा स्विमिंग पुलाच्या मधोमध, लेनच्या दोरीला दोन्ही हातांनी लटकले होते. नाकातोंडात पाणी गेलेलं. बाबांच्या दोन जुन्या बनियनी काळ्या रंगात बुडवून आईनं मला पोहायचा पोशाख शिवला होता, तो पाण्यानं फुगून पोटाशी लोंबत होता. काठावर साहेबांच्या बायका, पोरं, पोरी. सगळे हसले. कुणी तोंडावर हात ठेवून हसलं, कुणी मोकळेपणानं. सबनीससाहेबांनी हसता हसताच हातातलं स्टॉपवॉच बंद केलं.

मी नववीत होते. बाजूच्या लेनमधून साहेबांची मुलगी अदिती पुढे निघून गेली. दहा सेकंद आधी ती माझ्या मागे होती. चांगली हातभर मागे. हे कुणालाच आठवत नाही. मला आठवतं.

टाउनशिपच्या पोहण्याच्या संघाची ती निवड होती. दुसऱ्या शहरातल्या कारखान्यांच्या टाउनशिप असतात, त्यांच्यात दरवर्षी स्पर्धा व्हायच्या. संघात मला घेतलं नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घालेल म्हणून तुम्ही वाट बघत बसू नका. तसल्या गोष्टी साहेबलोकांना आवडतात. गरिबाची पोर, तिची जिद्द, टाळ्या. टाळ्या वाजवल्या की हात मोकळे.

टाउनशिप हिंदी मुलखातली. तिच्या पिपलानी भागात सगळ्यात लहान क्वार्टरांच्या लाइनीत आम्ही राहायचो. बाबा कारखान्यात खलाशी. म्हणजे क्रेननं उचललेलं लोखंड खाली उभं राहून हातानं सांभाळत जागेवर बसवायचं. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे. टाउनशिपमध्ये तू कोण असं कुणी विचारत नाही. क्वार्टर कुठलं एवढंच विचारतात. त्यावरून हुद्दा कळतो, आणि जे विचारायला लाज वाटते तेही बहुतेक वेळा कळून जातं. आम्ही बौद्ध. भिंतीवर कुणाची तसबीर आहे ते रस्त्यावरून दिसायचं. आई ती रोज पुसायची.

सबनीससाहेब पुण्याचे. मोठे इंजिनियर. बोलणं कसं स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. गणपतीत त्यांच्या पुढाकारानं व्याख्यानं व्हायची, समता, विज्ञान, असल्या विषयांवर. पहिल्या रांगेत ते स्वतः बसायचे आणि मान हलवायचे. “आमच्या टाउनशिपमध्ये जातपात नाही हो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरंच होतं ते. ते जात मानत नव्हते. फक्त वार मानत होते.

वाराचं असं होतं. क्लबच्या पुलावर मंगळवार ते शनिवार साहेबलोक आणि त्यांची मुलं. रविवारी सकाळीसुद्धा तेच. रविवारी दुपारी चार ते पाच कामगारांची मुलं. गेटापाशी हिंदीत वेळांची पाटी होती, पांढऱ्यावर निळी, खाली ‘धन्यवाद’. सोमवारी पूल बंद. आम्ही आठवडाभर त्या एका तासाची वाट बघायचो. चड्डी आणि जुना फ्रॉक कागदात गुंडाळून साडेतीनलाच गेटावर रांग लावायचो. चौकीदार एकेकाचं डोकं मोजून आत सोडायचा, ओरडायचा, “धक्का मत दो बे, सबको मिलेगा पानी!”

मिळायचं. हिरवं. हात खाली घातला तर कोपराच्या पुढचा दिसायचा नाही. पृष्ठभागावर तेलकट तवंग, कडेला केस, कधी जखमेवरची पट्टी तरंगत यायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. मी तर पोहायला शिकले सोनागिरी वसाहतीच्या पलीकडच्या खंतीत. खंती म्हणजे टाउनशिप बांधताना मुरूम काढून काढून झालेला मोठा खड्डा, पावसाच्या पाण्यानं भरलेला. तिथं म्हशी बसायच्या. तिथं आमच्या मागच्या लाइनीतला एक मुलगा बुडून मेला, तेव्हा दोन महिने आम्हाला कुणी जाऊ दिलं नाही. मग परत जायला लागलो. खंतीचं पाणी चहासारखं, पुलाचं हिरवं. मला वाटायचं पुलाचं पाणी असंच असतं. पोहण्यासाठी वेगळं करून ठेवलेलं पाणी हिरवंच असतं, अशी माझी पक्की समजूत होती. किती मूर्ख असावं माणसानं! पण दुसरं काही दाखवलंच नव्हतं कुणी.

त्या वर्षी दिल्लीच्या हेड ऑफिसातून काहीतरी कागद आला असणार. शाळेत सूचना वाचली गेली की संघाची निवड सर्व कर्मचाऱ्यांच्या मुलामुलींसाठी खुली आहे, मंगळवारी सकाळी सहाला पुलावर या, पोशाख आवश्यक. मी नाव दिलं. माझ्या लाइनीतून मी एकटीच. खंतीत मी मुलांना हरवायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जायचे न थांबता. पाच दिवस जेवण गेलं नाही मला. आई म्हणाली, “खाऊन घे वं, उपाशी बुडशील.”

मंगळवारी सकाळी मी पुलावर गेले आणि मला वाटलं पुलात पाणीच नाही.

फरशी दिसत होती. निळी, एकेक चौकोन मोजावा अशी. मग कुणीतरी उडी मारली आणि ती फरशी हलली. तेव्हा कळलं, पाणी आहे. इतकं स्वच्छ पाणी मी आईनं तांब्याच्या कळशीत गाळून ठेवलेलंच पाहिलं होतं. मी वाकून हात घातला. सगळा हात दिसला, नखांसकट.

शिट्टी झाली. उथळ बाजूनं सुरुवात. मी सुटले. डोकं पाण्यात, डोळे उघडे, कारण खंतीत डोळे मिटले तर दगडावर आपटतं. पोटाखालून फरशी सरकत होती, काळा पट्टा सरकत होता, आणि मला मजा वाटत होती. अदिती मागे पडली. आणखी एक होती तीही मागे पडली. मग अर्ध्यात पोचले आणि फरशी गेली.

पुलाचा तळ अर्ध्यानंतर एकदम उतरतो. चार फुटांवरून बारा फूट. ज्यांनी तो रोज पाहिलाय त्यांना त्याचं काही नाही. मी त्याच पाण्यात चार वर्षं दर रविवारी पोहत होते, वरून शेकडो वेळा गेले असेन, पण खाली काय आहे ते मला कधी दिसलं नव्हतं. पाण्याच्या टाकीवर चढून एकदम खाली बघावं तसं झालं. खाली कुणीतरी जमीन काढून घेतली आणि मी हवेत लोंबकळतेय. हातपाय गेले. पडणार, असं वाटलं. पाण्यात असताना पडणार! मी दोरी धरली.

आणि मग ते वाक्य.

आज मी मुलींना पोहायला शिकवते. शहराच्या करोंद भागातल्या वस्त्यांतल्या, धान्याच्या मंडीत पोती उचलणाऱ्यांच्या मुली. त्यांच्यासाठी एका शाळेचा पूल भांडून मिळवला, ती वेगळी कटकट. पहिल्या दिवशी मी कुणालाच पाण्यात उतरवत नाही. काठावर पालथं झोपवते आणि तळ बघायला लावते. अर्धा तास. उतार कुठून सुरू होतो ते बोटानं दाखवते. मुलींच्या आया विचारतात, मॅडम, ये क्या सिखा रहे हो? मी सांगते, यही सिखा रही हूँ.

तर त्या दिवशी मी बाहेर आले आणि पंपघराच्या भिंतीला टेकून बसले. दात वाजत होते. पूल भरायचं, रिकामा करायचं काम रामदीनकाकांकडे होतं. उत्तर प्रदेशातला म्हातारा, विडी कानामागे. त्यांनी मला पोतं दिलं अंगाला गुंडाळायला. मी विचारलं, “काका, आज पानी ऐसा क्यों है?”

“कैसा?”

“साफ.”

ते हसले. वाईट नाही हसले. “अरे बिटिया, कल ही तो भरा है. इतवार को जिसमें तुम लोग नहाते हो, वो तो फेंकने का पानी होता है. छह दिन का. पाँच बजे तुम लोग निकले, और मैंने छोड़ दिया बगीचे में.”

पोतं तसंच धरून बसले. फेकायचं पाणी. फेकायच्या आधी एक तास आम्हाला. मग आमच्या अंगाला लागलेलं पाणी साहेबांच्या मुलांच्या अंगाला लागायला नको म्हणून लगेच व्हॉल्व्ह. काय बेमालूम हिशोबानं बसवलं होतं हो! कुणी कुणाला शिवत नाही, कुणी कुणाला नाही म्हणत नाही, आणि वर आम्ही रांग लावून धक्काबुक्की करतोय त्यासाठी. गावात बाबांच्या आजाला विहिरीवरून हाकललं होतं, तेव्हा हाकलणाऱ्याला निदान तोंडानं शिवी तरी द्यावी लागली होती. इथं पांढऱ्या पाटीवर निळी अक्षरं आणि खाली आभार.

एवढं कळूनही मी त्याच दिवशी उठून काही बोलले असं समजू नका. माणूस इतक्या पटकन शहाणा होत नाही. गुरुवारी मी परत तिथंच गेले, बोलावलं म्हणून. केसांना तेल लावून गेले.

कारखान्याची गृहपत्रिका निघायची, त्यात फोटो हवा होता. निवडीला कामगाराची मुलगी आली होती हे दिल्लीला दाखवायचं असणार. सबनीससाहेब, अदिती, मी, आणि फोटोवाला. साहेबांनी अदितीची रबरी टोपी माझ्या डोक्यावर बसवली. मला काठावर बसवलं, पाय पाण्याकडे. अदिती पाण्यात, हसत, माझ्याकडे हात केलेला. जणू मला आत बोलावतेय.

माझे पाय पाण्याला लागले. साहेब म्हणाले, “पाय वर घे गं. सोमवारीच भरलंय.”

अगदी सहज म्हणाले. चपला बाहेर काढ म्हणावं तसं. आणि मी घेतले. दोन्ही पाय वर ओढून मांडी घातली. फोटोवाल्यानं फोटो काढला. फोटोखाली छापायला साहेबांनी नाव सांगितलं ते असं: “सर्वांसाठी क्रीडा.”

गढूळ मानवतं, हे त्यांचं वाक्य मला जितकं टोचलं त्याच्या दसपट माझी ती मांडी टोचली. कुणी ओढले नव्हते पाय. मीच घेतले. अजूनही कधी काठावर बसले की पाय आपोआप आत जातात माझे, घोट्यापर्यंत, आणि मग मला स्वतःचा राग येतो की हे इतकं ठरवून का करावं लागतं.

घरी बाबांना फोटोचं कळलं होतं. खूश होते. “साहेबानं बोलावून फोटो काढला म्हणे तुझा?”

“पाय वर घे म्हणाले.”

“मंग?”

“पाणी खराब होईल म्हणून.”

बाबा भाकरी मोडत होते. थांबले. मग परत मोडायला लागले. मी त्यांना रविवारचं सगळं सांगितलं, रामदीनकाका काय म्हणाले ते. मला वाटलं ते उठतील. भिंतीवरच्या तसबिरीकडे तरी बघतील. ते म्हणाले, “पाणी ते पाणीच होय नं पोरी. रविवारचं काय अन् मंगळवारचं काय. गावात तेही नव्हतं भेटत.”

आईच म्हणाली मग. “हिले सांगा ना, तो पूल कोणं खोदला.”

शेवटी आईनंच सांगितलं. टाउनशिप नवी होती तेव्हा साहेबांनी कामगारांना श्रमदानाला बोलावलं होतं. सुट्टीच्या दिवशी फावडी, घमेली घेऊन. आपल्या सगळ्यांच्या लेकरांसाठी पूल होतोय म्हणून. पावसाळ्याच्या आधी खोदायचा म्हणून चार महिने बाबांनी एक सुट्टी घरी काढली नाही. खोल बाजू त्यांच्या टोळीकडे होती. मुरूम लागला, मग खडक लागला. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख तिथंच गेलं, ते परत नीट आलंच नाही. मी जन्मापासून तो अंगठा बघत होते, मला वाटायचं कारखान्यात झालं असेल.

“बाबा, तू खोदला?”

“सगळ्यायनच खोदला.”

“मग तू एकदा तरी उतरलास त्यात?”

“मले कुठं पोहता येते वं,” असं म्हणून ते हात धुवायला उठले.

मला त्यांचा संताप आला. साहेबांचा येत नव्हता इतका. साहेब तर साहेबच. पण स्वतः खोदलेल्या खड्ड्यात आपली पोर उष्ट्या पाण्यात उतरते आणि हा माणूस पाणी ते पाणीच म्हणतो! त्या रात्री मी जेवले नाही, आणि या वेळी आईनं आग्रह केला नाही.

रविवारी मी गेटावर गेले, पण आत गेले नाही. रांगेतल्या पोरांना सांगायला लागले. हे फेकायचं पाणी आहे, आठवड्याचं, आपल्यानंतर सोडून देतात. उतरू नका. पोरं हसली. एक म्हणाला, “फेल हो गई तो हमको भी रोकेगी?” दुसरी म्हणाली, “मोठी आली साहेबीण.” चार वाजले, गेट उघडलं, आणि सगळे ओरडत आत घुसले. धपाधप उड्या. बाहेर मी एकटी उभी, कागदात गुंडाळलेला फ्रॉक हातात. त्यांनाही दोष देत नाही असं म्हणायला हवं ना मी? पण देते. एक तास मिळतोय म्हणून नाचणाऱ्यांमुळेच तो एक तास टिकतो.

तेव्हाच ठरलं माझं. मंगळवारी जायचं.

मंगळवारी सकाळी सहाला संघाच्या मुली येतात. चौकीदार त्या वेळी कुणाला अडवत नाही, सगळ्या ओळखीच्या. मी फ्रॉकच्या आत तो बनियनीचा पोशाख घालून गेले. मुलींच्या मागोमाग आत शिरले, अंघोळ केली, कारण पाटीवर लिहिलं होतं की आधी अंघोळ करावी. मग सरळ खोल बाजूला गेले. उथळ बाजूला नाही. काठावर उभी राहून खाली बघितलं. बारा फुटांवर पाणी सोडायची जाळी होती, तिच्यात एक पान अडकलं होतं, तेही दिसत होतं. काठ सोडावासा वाटेना. मी उडी मारली. डोळे उघडे ठेवले. तळ वर येतोय असं वाटलं, मग तो आला नाही, मीच वर आले. परत खाली बघितलं. परत भीती वाटली, पण कमी. चारपाच वेळा केलं. मग मी पोहायला लागले.

दोन फेऱ्या झाल्या असतील. लक्षात आलं की पाणी शांत आहे. मान वर काढली. मुली काठावर उभ्या होत्या, ओल्या, टॉवेल गुंडाळून. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आपापल्या बाहेर पडल्या होत्या. एकटी अदिती आत होती, दोरी धरून, माझ्याकडे बघत. शाळेत आमची ओळख होती. मला वाटलं ती राहील. तेवढ्यात तिचे वडील आले आणि म्हणाले, “अदिती, वर ये.” आली. राहिली असती तर काय बिघडलं असतं तिचं? काही नाही. पण आली.

“ए मुली, तुझा दिवस रविवार ना?” साहेब म्हणाले.

“माझं रविवारी जमत नाही,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. असं साहेबलोकच म्हणायचे ना, आज जमत नाही, उद्या या.

एक मुलगी फिसकन हसली आणि साहेबांचा चेहरा लाल झाला. बाहेर ये म्हणाले. मी आले नाही. वडिलांना मेमो जाईल म्हणाले. मी आले नाही. चौकीदाराला म्हणाले, काढ हिला. चौकीदार म्हणाला, साब, मुझे तैरना नहीं आता. मी पुलाच्या मधोमध होते, पाय मारत.

मग साहेबांनी रामदीनकाकांना बोलावलं आणि सांगितलं, व्हॉल्व्ह उघडा.

“साब, कल ही भरा है.”

“उघडा म्हटलं ना! पाणी बदलायचंच आहे.”

रामदीनकाका गेले. खालून घरघर ऐकू आली. त्यांनी लांबून मला ओरडून सांगितलं, “बिटिया, जाली से दूर रहना!” तेवढी माणुसकी त्या सकाळी एकट्या त्यांच्यात होती.

एवढा मोठा पूल बादलीसारखा रिकामा होत नाही. तास न् तास लागतात. मुली शाळेला गेल्या. साहेब ऑफिसला जाऊन परत आले. आधी उथळ बाजू उघडी पडली. मी पाण्याबरोबर उताराकडे सरकले. पाणी खाली गेलं की मी दोन पावलं खाली. छातीपर्यंत, मग कमरेपर्यंत. उन्हानं डोकं तापलं होतं, पाय गारठले होते. घाबरले होते का? होते. बाबांची नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, आई मला मारेल, सगळं डोक्यात येत होतं. पण एकेका इंचानं ते पाणी उतरताना बघून मला दुसरंच काहीतरी होत होतं. लाखभर बादल्या पाणी! सकाळी आमच्या लाइनीत नळाला दीड तास पाणी यायचं, बायका कळशीवरून भांडायच्या. आणि हा शिकलेला, मान हलवणारा, व्याख्यानं ठेवणारा माणूस एका चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगाला घाबरून पूलभर ताजं पाणी सोडून देत होता. म्हणजे इतकी भीती आहे तर यांना! मला हसू यायला लागलं. साहेबाला बघून पहिल्यांदाच मला हसू आलं, आणि त्यानंतर कुठल्याच साहेबाची मला भीती वाटली नाही.

शेवटी पाणी घोट्याला आलं आणि मी बारा फुटांच्या तळाशी उभी होते. भिंतींवर कुठं कुठं फरशी निघून मागच्या खडकाचं टोक बाहेर आलं होतं, ते वरून कधी दिसलं नसतं. तेवढ्यात वर बाबा आले.

पहिल्या शिफ्टमधून त्यांना बोलावून आणलं होतं. कामाचे कपडे, हाताला ग्रीस. काठावर साहेबांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. खाली मी आणि वर माझा बाप, हात जोडून. “माफ करा साहेब. लेकरू हाये. परत नाही येणार. म्या सांगतो तिले.”

मी खालून ओरडले. पुलात आवाज घुमला.

“बाबा, हात खाली कर!”

त्यांनी खाली बघितलं. हात तसेच होते. ज्या जागी मी उभी होते तिकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूहळू हात खाली आले.

मी उतार चढून वर आले. ओल्या पायांनी, साहेबांच्या समोर. सबनीससाहेब आता समजुतीच्या सुरात आले होते. पूल रिकामा झाला, बाप वाकला, आता मोठेपणा करायला हरकत नव्हती. “हे बघ,” ते म्हणाले, “मी काही वाईट माणूस नाही. तुला पोहायचंय ना? तुम्हा मुलांसाठी वेगळी वेळ देतो. पहाटे पाच ते सहा. रोज. स्वच्छ पाणी. आता तर झालं?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. हो म्हण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. खरंच मोठी गोष्ट होती ती. रोज, आणि स्वच्छ.

मी विचारलं, “अदिती किती वाजता येते?”

“सहाला. त्याचं काय?”

“मग मी सहाला येणार. भरा परत.”

पूल भरायला बुधवारचा अख्खा दिवस लागला. गुरुवारी पावणेसहालाच मी गेटावर जाऊन उभी राहिले.